बाळंतपणानंतर अंग बाहेर येत असेल तर नुसत्या केगल व्यायामाने (खालचे स्नायू आवळणं-सोडणं) बरं होतं का?

तुम्ही लिहिलंय, आठ महिने झाले, संध्याकाळ झाली की खाली जड होतं, काहीतरी उतरतंय असं वाटतं, आणि घरचे म्हणतात ‘सगळ्यांनाच होतं’. त्या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसले.

माझ्या नणंदेचं हेच वाक्य. माझी मुलगी चिमटा लावून काढली. दीड महिन्याने अंघोळीला उकिडवी बसले तर हाताला काहीतरी लागलं, गालाच्या आतल्या बाजूसारखं मऊ, ओलसर. घाबरून दाखवायला गेले, तेही सकाळी, आणि तपासलं आडवं झोपवून. “काही नाही, केगल करा.” दिवसाला तीनशे करत होते. वन्सं म्हणाल्या, “आम्ही नाही का बाळंत झालो?”

वर्षाने एका फिजिओथेरपिस्टने आत बोट ठेवून “आवळा” म्हटलं, तेव्हा कळलं की मी आवळत नव्हतेच, खाली जोर देत होते. रोज तीनशे वेळा! आणि उजवीकडे तिच्या बोटाला अंग वर धरून ठेवणारा स्नायू लागेचना. सोनोग्राफीत दिसलं, तो पुढच्या हाडापासून सुटलाय. डोकं बाहेर येताना हा स्नायू मूळ लांबीच्या जवळजवळ तिप्पट ताणला जातो, चिमट्याने तो सुटायचा धोका फार वाढतो. बाहेरचे टाके नीट घातले होते हो, आतलं कुणी पाहिलंच नाही.

तर केगलने सुटलेला स्नायू हाडाला परत चिकटत नाही. उरलेला बळकट होतो, त्याने त्रास कमी होतो, पण बरोबर करताय का हे आधी कुणाकडून तरी तपासून घ्या. आणि तपासणी संध्याकाळी, उभं राहून, जोर करायला लावून करा म्हणावं. झोपल्यावर सगळं आत जातं. मला खरा आराम रिंगने पडला, ती योनीत बसवतात, उतरलेलं अंग वर धरून ठेवते.

घरच्यांना काय सांगायचं? काही नाही. वन्संनी गेल्या वर्षी मला स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारलं, “ती रिंग दुखते का गं?”

मी डॉक्टर नाही. प्रत्येकीचा स्नायू सुटलेलाच असतो असंही नाही. अंगावर पाजत असाल तर तिथल्या कोरडेपणानेही त्रास जास्त जाणवतो. पण लघवी अडली किंवा रक्त गेलं तर मात्र माझं उत्तर वाचत बसू नका.