ऑनलाइन लोकर घेताना हात आवरत नाही, घरात ठेवायला जागा उरली नाही. काय करू?

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि आधी उठून आमच्या दिवाणाचं झाकण नीट बसलंय ना ते बघून आले. तुम्ही लिहिलंय की दिवाण भरला, माळ्यावरच्या बॅगा भरल्या, तरी सेलचा मेसेज आला की बोट जातंच. शेवटी हेही विचारलंय की एकाच निळ्या रंगाचे तीन वेगळ्या लॉटचे, म्हणजे वेगवेगळ्या खेपेत रंगवलेले, गुंडे जमलेत, त्यांचं काय करू. निळ्याचं शेवटी सांगते, कारण त्याला उपाय आहे.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते. ठाण्याची थंडी म्हणजे पंखा एकवर ठेवायचा, बस. इथे एवढी लोकर कशाला, असं नवरा दर जानेवारीत विचारतो. मी सांगते, अरे, ज्या रेमंडचा सूट घालून तू बोहल्यावर उभा राहिलास ती १९२५ साली आपल्याच गावातल्या लोकरीच्या गिरणीतून सुरू झाली. त्यावर तो म्हणतो, त्यांनी कापड विकलं, तू काय विकतेस?

गेल्या वर्षी रद्दीवाला आला होता. पेपर मोजून झाले, त्याचा काटा हातातच होता. म्हटलं, भाऊ, जरा ह्या पिशव्या पण अडकवून बघा. एकेक करून सगळ्या अडकवल्या. ११ किलो ४०० ग्रॅम भरली. "मॅडम, हे पण देताय का?" असं त्याने इतक्या आशेने विचारलं की मला वाईट वाटलं. तुम्हीही एकदा वजन करा. दोन कपाटं, एक बॅग ह्या हिशेबात काही कळत नाही, किलोत कळतं.

मग मी हिशेब मांडला, बँकेतली सवय. साधी आठ पदरी लोकर, ८ नंबरच्या म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुया. दहा सेंटिमीटरच्या चौकोनात माझे २२ टाके आणि २८ सुया, म्हणजे विणीच्या ओळी, बसतात, म्हणजे ६१६ टाके. ५० बाय १५० सेंटिमीटरच्या शालीत असे ७५ चौकोन, एकूण ४६,२०० टाके. मिनिटाला वीसेक टाके पडतात माझे, म्हणजे एका शालीला साडेअडतीस तास. विणायला वेळ मला मिळतो तो फक्त सकाळी. ठाण्याहूनच सुटणारी धीमी लोकल पकडते, बसायला मिळतं, सीएसएमटीपर्यंतच्या तासातली ५० मिनिटं हात चालतो. एका शालीला कामाचे ४६ दिवस. शालीला लागते ३०० ग्रॅम. म्हणजे दिवाणात ३८ शालींची लोकर पडली होती. एकही नवीन गुंडा न घेता सात वर्षांचं काम! परदेशातल्या विणणाऱ्या बायकांत 'सेबल' असा एक गमतीचा शब्द आहे, इंग्रजी आद्याक्षरांचा: उरलेल्या आयुष्यात विणून संपणार नाही इतका साठा. मी ५१ वर्षांची आहे, अजून तिथवर पोचले नव्हते, पण वाट तीच होती.

आणि खरेदी कधी होते माहीत आहे? येताना. येताना उभं राहावं लागतं, सुया काढता येत नाहीत, एक हात कडीला आणि दुसऱ्यात मोबाइल. जाताना विणते, येताना विकत घेते. घ्यायला दोन मिनिटं, विणायला ४६ दिवस.

आता मुद्द्याचं. हाव आहे, व्यसन आहे, असं स्वतःला बोलून मी बरीच वर्षं काढली, काही फरक पडला नाही. फरक पडला तो आईची आठवण निघाली तेव्हा. माझी आईही विणायची, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. चाळीतल्या प्रत्येक बाळाचे मोजे नि टोपडी तिची. पण तिची सगळी लोकर एका नायलॉनच्या पिशवीत मावायची. संयम म्हणून नव्हे. जांभळी नाक्याजवळच्या बाजारात तिचं एक ठरलेलं दुकान होतं. स्वेटर घालायचा ठरला की ती सहा गुंडे मागायची. काका एकाच लॉटचे आठ काढायचे, चार तिला द्यायचे आणि उरलेल्यांवर पेन्सिलीने तिचं नाव लिहिलेली चिठ्ठी लावून मागच्या फडताळात ठेवायचे. लागेल तशी न्या. न उघडलेला गुंडा राहिला तर परतही घ्यायचे, कपाळाला आठ्या घालून का होईना.

म्हणजे साठा तेव्हाही होताच, पण तो काकांच्या फडताळात असायचा. जागा त्यांची, पैसे त्यांचे अडकलेले, कसर लागली तर नुकसान त्यांचं. ऑनलाइन आल्यावर ते फडताळ गेलं. आता स्क्रीनवर लाल अक्षरांत 'फक्त ३ शिल्लक' येतं आणि पोटात गोळा येतो, कारण विणणाऱ्या बाईला पक्कं माहीत असतं की हा लॉट संपला की संपला. पुढच्या खेपेचा तोच शेड नंबर वेगळ्या पाण्यात रंगलेला असतो आणि छातीवर बरोबर आडवी रेघ दिसते. म्हणून सहा लागत असतील तिथे आपण दहा घेतो. नऊशेच्या वर डिलिव्हरी फुकट, म्हणून साठ रुपये वाचवायला अजून दोनशेचे दोन. रंगाचं तर विचारूच नका. मोरपंखी म्हणून मागवलेली लोकर मला एकदा बाटलीच्या हिरव्या रंगाची आली, आणि परत घेणार नाही म्हणाले कारण मी पाकीट फोडलं होतं. न फोडता रंग कसा बघायचा?

तेव्हा ताई, पहिली गोष्ट, स्वतःला शिव्या घालणं थांबवा. दुकानदाराचं काम तुम्ही फुकटात करताय, एवढंच.

मी काय केलं ते सांगते. आमच्या डब्यात आम्ही चौघी विणणाऱ्या आहोत. आम्ही आमचंच फडताळ करायचं ठरवलं. चौघींनी आपापल्या लोकरीच्या लेबलांचे फोटो काढून एका ग्रुपवर टाकले, शेड नंबर आणि लॉट नंबर दिसेल असे. एका रविवारचा अख्खा दिवस त्यात गेला आणि त्यात कळलं की माझ्याकडे फिकट पिवळ्या बेबी वूलचे नऊ गुंडे आहेत नि कळव्याच्या मैत्रिणीकडे त्याच लॉटचे चार. दोघींनी एकाच सेलमध्ये घेतलेले, बहुतेक एकाच लोकलमध्ये शेजारी उभ्या राहून. आता काही घ्यायचं असलं की आधी तिथे विचारायचं. निम्म्या वेळा कोणाच्या तरी घरी ते निघतंच. उरलेला गुंडाही पडून राहत नाही, चौघींत कोणाला तरी बॉर्डरला लागतो.

दुसरा नियम माझा एकटीचा. ज्याचं माप वहीत नाही त्याच्यासाठी लोकर घ्यायची नाही. छातीचा घेर, बाहीची लांबी, बाळ असेल तर डोक्याचा घेर. माझ्या दिवाणातली निम्मी लोकर कोणाचीच नव्हती. 'सुंदर आहे, कशाला तरी होईल' ह्या नावाची होती. ठाण्यात स्वेटर घालणार कोण? माझी गिऱ्हाइकं म्हणजे नाशिकची नणंद, पुण्याचे भाचे आणि कोणाकडे तरी होऊ घातलेलं बाळ. माप मागायला फोन करावा लागतो, आणि फोनवर नणंद स्पष्ट सांगते, "वहिनी, मागचाच अजून नवा आहे." झालं, ऑर्डर तिथेच संपते.

किती घ्यायची हेही अंदाजाने ठरवू नका. घरात त्याच जाडीची लोकर असेलच. दहा सेंटिमीटरचा नमुना विणा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. माझा ४ ग्रॅमचा भरतो, ७५ चौकोनांना ३००. वर एक गुंडा जादा, चार नव्हेत. एवढ्यासाठी नमुना विणायचा आळस मीही वीस वर्षं केला.

असलेल्या साठ्याबद्दल एकच सांगते, खरी लोकर आणि ॲक्रिलिक वेगळं ठेवा. मी मेरिनोची एक महागडी लड 'चांगल्या कामासाठी' म्हणून दोन पावसाळे ठेवली होती. गुंडाळायला घेतली तर दर हातभर अंतरावर धागा तुटून येत होता. कसर. तिच्या अळ्या केराटिन खातात, ते मेंढीच्या केसांत असतं, ॲक्रिलिकमध्ये नसतं. शेजारचं गुलाबी ॲक्रिलिक, ज्याचं मला काहीही पडलेलं नव्हतं, ते ठणठणीत! आता नवीन लोकर आली की झिपच्या पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवते, मटारांच्या शेजारी. सासूबाईंनी एकदा ती भाजीची पिशवी समजून बाहेर काढली होती, असो.

बरीचशी लोकर मी देऊनही टाकली. आमच्या मजल्यावर बारावीतली एक मुलगी क्रोशाने कीचेन आणि छोटी खेळणी करते, तिला दोन किलो गेली. आज माझ्याकडे साडेसहा किलो आहे. गणपतीच्या सेलमध्ये घसरलेच होते, शेवाळी रंगाचे पाच गुंडे, माप कोणाचंच नाही. ते अजून पाकिटात आहेत, आणि ग्रुपवर मी त्यांचा फोटो टाकलेला नाही.

आता तुमचे निळे. तीनही लॉट दिवसा खिडकीपाशी शेजारी ठेवून बघा, ट्यूबलाइटखाली फरक कळत नाही. जे दोन जवळचे वाटतील ते एकाच स्वेटरच्या अंगात एकत्र घ्या. दोन ओळी ह्या गुंड्याच्या, दोन त्या गुंड्याच्या, असं शेवटपर्यंत. धागा तोडू नका, कडेने वर घेत जा, फक्त ओढू नका नाहीतर कड आखडते. रेघ दिसत नाही, रंग एकमेकांत मिसळून जातो. तिसरा, सगळ्यांत वेगळा लॉट गळ्याच्या, बाह्यांच्या आणि खालच्या बॉर्डरला लावा. बॉर्डर मुद्दाम वेगळी घेतली असंच बघणाऱ्याला वाटेल. पण सुया हातात घ्यायच्या आधी फोन करा आणि कोणाचं तरी माप घ्या.