लहानपणी दूरदर्शनवर पाहिलेली ‘स्टार ट्रेक’ आता पुन्हा बघावी, की सरळ नवी मालिका सुरू करावी?

तुम्ही विचारलंय की लहानपणी रविवारी सकाळी पाहिलेली ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळप्रवासाची अमेरिकी मालिका मनात अजून ताजी आहे, आता तिच्याच जगातली नवी मालिका ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ आली आहे. जुनी पुन्हा पाहिली तर आठवण मोडेल का?

माझं उत्तर: बघा, आणि जुनीच आधी बघा. माझी आठवण मोडली नाही. उलट लहानपणी मी जे पाहिलं ते निम्मंच होतं, हे तेव्हा कळलं.

आम्ही कोल्हापूरचे, घर मंगळवार पेठेत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात दूरदर्शनवर ही मालिका रविवारी सकाळी लागायची. आमचा टीव्ही कृष्णधवल, लाकडी पेटीतला, समोर सरकतं दार असलेला. चुलत भाऊ कौलांवर चढून अँटेना फिरवायचा आणि आम्ही खालून ओरडायचो, “आलं, आलं! आता गेलं!” रविवार म्हणजे घरात मटण. मागच्या बाजूला रश्श्याचा वास आणि पुढच्या खोलीत अंतराळयान, असं ते माझ्या डोक्यात कायमचं एकत्र बसलंय. मी मराठी शाळेत पाचवीत. इंग्रजी म्हणजे एबीसीडी आणि पाठ केलेली दोन-चार वाक्यं. चुलत भाऊ अकरावीला होता, तो आम्हाला गोष्ट सांगत जायचा. त्यातलं किती खरं आणि किती त्याच्या मनचं, हे आम्हाला कळायचा प्रश्नच नव्हता.

एक भाग मात्र सगळ्या घराला कळला होता. एका ग्रहावरच्या खाणीत दगडासारखा एक प्राणी कामगारांना मारत असतो. यानाचा कॅप्टन कर्क आणि त्याचा अर्धा परग्रहवासी अधिकारी स्पॉक त्याचा माग काढतात. आई मसाल्याचे हात तसेच घेऊन दारात उभी राहून बघत होती. तो प्राणी जखमी होऊन थरथरायला लागला तशी ती म्हणाली, “पिल्लं मारल्यात तिची ह्यांनी. म्हणून उठलीया ती.” अजून स्पॉकने प्राण्याला हात लावून त्याचं मन वाचलंसुद्धा नव्हतं. पुढे तसंच निघालं. खाणकामगार ज्यांना निरुपयोगी गोटे समजून फोडत होते ती तिची अंडी होती. हा भाग १९६७ चा, नाव ‘द डेव्हिल इन द डार्क’. आईला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता.

त्याच वेळी मामा शेजारी बसून वेगळंच बघत होता. मामा स्टुडिओत पडदे आणि सेट रंगवायचा. बाबूराव पेंटरांच्या या गावात सिनेमाचा पडदा रंगवणं हे सुतारकामासारखंच हातातलं काम होतं, आणि त्याला त्याचा अभिमान होता. तो म्हणाला, “आत माणूस हाय बघ. रांगतोय.” खरंच होता. यानोश प्रोहास्का नावाच्या कलाकाराने तो पोशाख स्वतः बनवला होता आणि तोच आत शिरून रांगला होता. हे मी खूप वर्षांनी वाचलं, तेव्हा मामा हयात नव्हता. त्याला सांगता आलं नाही याची हळहळ अजून आहे.

मी ही मालिका पुन्हा पाहिली ती दोन वर्षांपूर्वी, जुलैमध्ये. पावसाने शाळांना सुट्टी, राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी गाठायला आलेली, घरात मी आणि माझी तेरा वर्षांची मुलगी. तिला नवी मालिका बघायची होती. मी म्हटलं, आधी माझी बघू, मग तुझी.

पहिला धक्का रंगांचा. सोनेरी, निळे, लाल शर्ट! आम्ही सगळे करडे पाहिले होते. लाल शर्टवाला ग्रहावर उतरला की बहुधा परत येत नाही, ही गोष्ट जगभरचे चाहते जाणतात. आम्हा कृष्णधवलवाल्यांना ती कळणं शक्यच नव्हतं.

दुसरी गोष्ट, आणि ही तुम्ही बघायच्या आधी ठरवा. २००६ पासून या मालिकेची सुधारित प्रत निघाली. त्यात यानाची आणि ग्रहांची जुनी दृश्यं काढून संगणकावर केलेली नवी घातली. ब्लू-रेवर दोन्ही रूपं मिळतात. मी जुनं रूप निवडा म्हणेन. मूळ यानाची मोठी प्रतिकृती ११ फूट लांबीची होती, बरीचशी लाकडाची, आणि ती आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनच्या अवकाश संग्रहालयात आहे. पडद्यावर ते यान सरकतं तेव्हा त्याला वजन असल्यासारखं वाटतं. ते कुणीतरी कापून, घासून, रंगवून केलेलं आहे. नवं दृश्य गुळगुळीत आहे, पण मामाच्या घरात वाढलेल्या माझ्या डोळ्यांना ते परकं वाटतं.

आता मुद्द्यावर येते. नवी मालिका जुनीची नक्कल आहे का, हे तपासायला एक जोडी पुरते.

जुना भाग: ‘बॅलन्स ऑफ टेरर’, १५ डिसेंबर १९६६. सुरुवात यानावरच्या एका लग्नाने होते. कॅप्टन लग्न लावायला उभा आहे आणि तेवढ्यात सीमेवरच्या चौक्यांवर हल्ला झाल्याची बातमी येते. शत्रू रोम्युलन. शंभर वर्षांपूर्वी त्यांच्याशी युद्ध झालं होतं, पण दोन्ही बाजूंनी एकमेकांचा चेहरा कधीच पाहिला नव्हता. आता पहिल्यांदा पडद्यावर शत्रूचा चेहरा दिसतो आणि तो हुबेहूब स्पॉकच्या जातीचा निघतो. टोकदार कान, तशाच भुवया. त्याच क्षणी एक अधिकारी स्पॉककडे संशयाने बघायला लागतो. त्याच्या घरातले लोक त्या युद्धात गेलेले असतात. मग पाणबुड्यांच्या लढाईसारखा खेळ सुरू होतो. शत्रूचं यान अदृश्य होऊ शकतं, पण त्यात त्याची सगळी शक्ती खर्ची पडते. दोन कप्तान एकमेकांना न बघता एकमेकांचं मन ओळखायचा प्रयत्न करतात. कर्क जिंकतो. शत्रूचा सेनानी थकलेला, युद्धाला विटलेला. त्याचा जुना मित्र त्याच्या डोळ्यांसमोर मेलेला असतो. वेगळ्या जगात आपण मित्र झालो असतो, असं तो कर्कला सांगतो आणि आपलं यान स्वतःच उडवून देतो. कर्कच्या यानावरचा एकच जण मरतो, तो नवरा मुलगा. शेवटी कर्क त्या मुलीसमोर उभा राहतो आणि त्याच्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नसतं.

पाचवीत मला यातलं फक्त लग्न मोडलं एवढं कळलं होतं. त्या संशयी अधिकाऱ्याचं बोलणं मला आता, या वयात, पहिल्यांदा ऐकू आलं. तोंडावळा शत्रूसारखा आहे एवढ्यावरून सोबत काम करणाऱ्या माणसावर शंका घेणं आपण काय कमी बघतो? आणि हे १९६६ मध्ये, व्हिएतनाम युद्ध चालू असताना अमेरिकी टीव्हीवर दाखवलं गेलं. पुढे त्याच अधिकाऱ्याचा जीव स्पॉक वाचवतो.

नवा भाग: ‘अ क्वालिटी ऑफ मर्सी’, ७ जुलै २०२२, ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’च्या पहिल्या हंगामाचा शेवट. इथे यानाचा कॅप्टन कर्क नाही, त्याच्या आधीचा कॅप्टन पाइक आहे. पुढे आपल्याला भयंकर अपघात होणार हे पाइकला आधीच माहीत आहे. हा पाइक नवीन नाही. १९६४ मध्ये चित्रित झालेल्या अगदी पहिल्या, वाहिनीने नाकारलेल्या भागाचा तोच नायक होता, आणि १९६६ च्या ‘द मेनॅजरी’मध्ये तो खुर्चीला खिळलेला, फक्त दिव्याच्या उघडझापीने हो-नाही सांगणारा दिसतो. आता तो ते भविष्य टाळायचं ठरवतो. मग भविष्यातला म्हातारा पाइक येऊन त्याला दाखवतो की तू वाचलास तर काय होईल: त्या रोम्युलन हल्ल्याच्या दिवशी कप्तानाच्या खुर्चीत कर्कऐवजी तू असशील. तेच लग्न, त्याच चौक्या, तोच शत्रू.

पाइक मनाने कर्कपेक्षा मऊ आहे. तो बोलणी करायला बघतो, थोडा वेळ मागतो. आणि त्याच्या भलेपणातूनच मोठं युद्ध पेटतं, स्पॉक जन्माचा जायबंदी होतो.

मुलगी इथे चिडली. तिचं म्हणणं, बोलून मार्ग काढणारा माणूस चुकीचा कसा? आमचा त्या रात्री दीड तास वाद झाला, बाहेर पाऊस आणि घरात मेणबत्ती. मी तिला म्हटलं, मालिका त्याला वाईट म्हणत नाही; तीच दया कुठल्या घडीला दाखवायची याचं उत्तर प्रत्येक माणसाचं वेगळं निघतं, एवढंच ती दाखवते. ती मानली नाही. मीही पूर्ण मानलेलं नाही. पण ५६ वर्षांपूर्वीच्या गोष्टीला असा उलट प्रश्न विचारणं हेच मला पुनर्निर्मितीचं खरं काम वाटतं. २००९ चा ‘स्टार ट्रेक’ सिनेमा मला म्हणूनच फारसा भिडला नाही. वेग आहे, नट चांगले आहेत, पण तो जुन्याला काही विचारत नाही.

एका बाबतीत मात्र जुना भाग सरस आहे. त्यात आपण शत्रूच्या यानावर बराच वेळ असतो. नव्यात तो सेनानी आहे, सज्जनही आहे, पण त्याचा थकवा अंगावर येईल इतका वेळ त्याला मिळत नाही.

जुन्यात खुपणाऱ्या गोष्टीही आहेत. बायकांचे आखूड झगे, संकट आलं की कप्तानाला बिलगणारी सहायक (ती ‘बॅलन्स ऑफ टेरर’मध्येच आहे). तिसरा हंगाम पैशाअभावी बराच ढिला पडला. नाकारलेल्या पहिल्या भागात यानाची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी एक बाई होती, ती पात्रच पुढे काढून टाकलं गेलं; नव्या मालिकेत ते पुन्हा दिसलं याचं मला फार समाधान वाटलं.

यानावर संदेश सांभाळणाऱ्या उहुराबद्दल तर मला स्वतंत्र लिहायला हवं. माझी मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, कानाला हेडफोन लावून ट्रंक कॉल जोडायची. त्यामुळे कानात यंत्र घालून बसलेली उहुरा मला घरचीच वाटायची. तिची भूमिका करणाऱ्या कृष्णवर्णीय अभिनेत्री निशेल निकल्स यांना पहिल्या हंगामानंतर मालिका सोडायची होती. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबायला सांगितलं, असं त्या स्वतः सांगत. आता मोठेपणी पाहताना जाणवतं की त्यांना लेखकांनी किती कमी वाक्यं दिली होती. नव्या मालिकेतली उहुरा ३७ भाषा जाणणारी शिकाऊ मुलगी आहे, आणि दुसऱ्याच भागात एका धूमकेतूवरच्या वस्तूशी ती गुणगुणून संवाद साधते. माझी मुलगी तो भाग तीनदा पाहून बसली आहे.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी ‘बॅलन्स ऑफ टेरर’, मग ‘द मेनॅजरी’चे दोन भाग, मग नव्याचा पहिला हंगाम सलग. घरात तुमच्याहून लहान कुणी असेल तर एकट्याने बघू नका.

एक राहिलं. आमचा चुलत भाऊ तेव्हा छातीठोकपणे सांगायचा की तो रोम्युलन सेनानी म्हणजे स्पॉकचा बाप, घर सोडून शत्रूला मिळालेला. आम्ही वर्षानुवर्षं तेच धरून चाललो होतो. पुन्हा बघताना कळलं की असं काहीच नाही. पण १९६७ च्या ‘जर्नी टू बॅबल’मध्ये स्पॉकचे वडील येतात, आणि ती भूमिका करणारा नट तोच आहे, मार्क लेनर्ड. भावाने दोन वेगवेगळ्या रविवारचा एकच चेहरा ओळखला होता आणि त्यावरून गोष्ट जोडली होती. मी त्याला फोन करून सांगितलं. तो आता साठीला आलाय, पुण्यात असतो. थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “नाव सांग त्या भागांचं, दोन्ही. लिहून घेतो.”