वाहन-शंका : कॅम्परच्या मागचा बिनतारी कॅमेरा

प्रश्न : आमच्या पिकअपमागे २६ फुटी कॅम्पर (ओढून न्यायचं चाकांवरचं घर, म्हणजे ट्रेलरच) असतो. मागे कॅमेरा बसवायचा आहे. फोनवर दिसणारा स्वस्तातला वायफाय कॅमेरा चालेल का?
– एक वाचक, डॅलस

उत्तर : नको. वेगळ्या स्क्रीनचा डिजिटल संच घ्या, शक्यतो ७ इंची. फोनवाल्याची रेंज जेमतेम मोटारीपुरती. शिवाय नेमकं रिव्हर्स घेताना कुणाचा तरी कॉल येतो. खोक्यावरच्या ‘५०० फुटां’ना भुलू नका, तो आकडा मोकळ्या मैदानातला. तुमच्याकडे कॅमेरा ते डॅशबोर्ड अंतर ४० फुटांच्या वर जाईल, आणि मध्ये पत्रा, फ्रिज, कपाटं आहेतच. म्हणून ज्याची अँटेना फिरवून काढता येते असा कॅमेरा निवडा. चित्र अडखळलं तर वायर लावून ती अँटेना ट्रेलरच्या पुढच्या भिंतीवर आणता येते. भोक पाडण्याआधी कॅमेरा चिकटपट्टीने वर लावा, १२ व्होल्टची बॅटरी जोडा आणि इंजिन चालू ठेवून स्क्रीन बघा.

मागच्या मार्कर लाइटजवळ (कॅम्परच्या वरच्या कडेचे छोटे दिवे) आधी नीट पाहा. बऱ्याच नव्या कॅम्परना कारखान्यातूनच ब्रॅकेट आणि वायर येते. ती बहुधा मार्कर लाइटच्याच लाइनवर असते, त्यामुळे पिकअपचे पार्किंग लाइट लावल्याशिवाय कॅमेरा जागा होत नाही. ‘नवाकोरा बंद पडला’ म्हणण्याआधी दिवे लावून बघा! रिव्हर्स लाइटवरून वीज घेऊ नका; मग हायवेवर लेन बदलताना मागचं काहीच दिसणार नाही, आणि अर्धा उपयोग तर तोच.

कॅमेरा इतका खाली वाकवा की चित्राच्या तळाशी बंपरची कड दिसेल. स्क्रीनवरच्या रंगीत रेघा बंद करा, त्या मोटारीच्या हिशेबाच्या असतात; ट्रेलर तसा वळत नाही.

भोकाला ब्यूटाइल टेप (रबरासारखी चिकट पट्टी), कडेने आरव्हीचा, म्हणजे अशा फिरत्या घरांसाठीचा, सीलंट. सिलिकॉन मात्र नको : पुढे त्यावर दुसरं काही धरत नाही, आणि पाणी भिंतीतल्या लाकडात मुरलं की कॅमेऱ्याची किंमत किरकोळ वाटेल.

प्रश्न : चुंबकाने चिकटणारा, बॅटरीवरचा कॅमेरा कसा?

उत्तर : हिच (पिकअप-ट्रेलरची जोडणी) जोडताना पिकअपचा बॉल, म्हणजे ट्रेलर ज्यावर बसतो तो लोखंडी गोळा, दिसायला उत्तम. पण कॅम्परची भिंत फायबरग्लासची किंवा अ‍ॅल्युमिनियमची, तिथे चुंबक धरणारच नाही. तुमची पिकअप २०१५ किंवा त्यानंतरची फोर्ड एफ-१५० असेल तर तिच्या टेलगेटवरही नाही, तीही अ‍ॅल्युमिनियमचीच. ट्रेलरच्या पुढच्या लोखंडी दांड्यावर चिकटवा.