पासवर्ड वहीत लिहून ठेवणं धोक्याचं आहे का?

नाही. निदान माझ्या धाकट्या दिरांना वाटतं तेवढं तर नाहीच.

माझ्याकडे २०१४ सालची एलआयसीची डायरी आहे. स्वयंपाकघरात, रव्याच्या डब्यामागे. वीजबिल, रेल्वेची तिकिटं, मेल, सगळ्यांचे पासवर्ड तिच्यात पेनाने लिहिलेले. बदलला की जुन्यावर काट. तीन वर्षांमागे गणपतीला सगळे बोरिवलीला आमच्याकडे जमले असताना ती भाऊजींच्या हाती लागली आणि आरतीनंतर तिचं जाहीर वाचनच झालं. "वहिनी, चोराला चहापण करून द्या!" सगळे हसले. आमचे हेसुद्धा.

भाऊजी आयटीत, ऐरोलीला. मोठं अक्षर, आकडा, चिन्ह, सगळं असलेला त्यांचा एकच पासवर्ड, तोच सगळीकडे. म्हणे, फोडायला शंभर वर्षं लागतील.

लागतील हो, पण फोडत बसतंय कोण? एका ट्रेकवाल्यांच्या साइटवर त्यांनी कधीतरी हाच पासवर्ड टाकला होता. ती साइट फुटली. (हे नंतर कळलं, आपला मेल कुठल्या चोरीत सापडलाय का ते सांगणाऱ्या 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर मेल टाकून बघितल्यावर.) अशा साइटवरून मेल आणि पासवर्डच्या जोड्या बाहेर आल्या की चोरांचे प्रोग्रॅम त्या घेऊन शेकडो ठिकाणची दारं ढकलून बघतात. भाऊजींच्या मेलचं उघडलं. आणि मेल हातात आला की बाकी ठिकाणी 'पासवर्ड विसरलात?' एवढंच दाबायचं, नवीन ठेवायची लिंक मेलवरच येते. तिसऱ्या दिवशी दादरच्या आत्याबाईंना भाऊजींच्या फेसबुकवरून मेसेज: हॉस्पिटलात आहे, ८,००० पाठवा. त्यांनी बिचाऱ्यांनी पाठवले. रात्री साडेअकराला सायबर तक्रारीचा १९३० नंबर कुठे मिळाला? माझ्या डायरीच्या शेवटच्या पानावर.

रव्याच्या डब्यामागे हात घालणारा चोर सोनं शोधायला येईल, माझा वीजबिलाचा पासवर्ड न्यायला नाही. आणि कंपन्या तरी काय दिवे लावतात? २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीतून ३ कोटींच्या वर पासवर्ड चोरीला गेले. ते जसेच्या तसे, वाचता येतील असे ठेवलेले होते. म्हणजे डायरीच ती, फक्त सगळ्या जगाला जोडलेली.

आता हेही सांगते. डायरी लोकलमध्ये नेऊ नका, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये तर नकोच. एटीएमचा आणि यूपीआयचा पिन लिहू नका. मी प्रत्येक पासवर्डचा शेवटचा शब्द लिहीतच नाही, तो डोक्यात असतो. घरातल्याच कुणाची भीती असेल तर मात्र डायरीचा नाद सोडा. मेलला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री, जसा फोनवरचा कोड, मागितली जाते. आणि फोनवर गोड बोलणाऱ्याला ओटीपी सांगणार असाल, तर डायरी असो की आणखी काही, सगळं सारखंच.

पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलपात ठेवणारं ॲप, वाईट नसतो, उलट प्रत्येक साइटला वेगळा पासवर्ड तो स्वतःच करून देतो. भाऊजींनी घेतलाय आता. त्याचा मुख्य पासवर्ड विसरलात तर बहुतेक कंपन्याही काढून देऊ शकत नाहीत, हे त्यांनीच मला सांगितलं. मग तो कुठे लिहून ठेवलाय, असं विचारलं की लगेच मुलांच्या परीक्षांचा विषय काढतात.