स्टिरिओचा लाकडी स्टँड घरी करताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

रेकॉर्ड प्लेअर पुन्हा घराघरांत लागू लागलेत, आणि त्यांच्यासाठी स्टँड स्वतः करू पाहणाऱ्या वाचकांची पत्रंही वाढली आहेत. त्यांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. मापं मिलिमीटरमध्ये दिली आहेत, कारण इंच आणि सूत यांच्या हिशेबात एखादं सूत इकडचं तिकडे झालं की फळी वाया जाते.

प्रश्न (कोल्हापूर): माझ्याकडे रेकॉर्ड प्लेअर, अ‍ॅम्प्लिफायर, सीडी प्लेअर आणि शंभरेक एलपी (मोठ्या रेकॉर्ड) आहेत. हत्यारांत ड्रिल, हातकरवत, पटाशी आणि गुण्या एवढंच. प्लायवुडमध्ये स्टँड करायचा तर मापं काय घ्यावीत? प्लाय कोणता आणि किती लागेल?

उत्तर: बहुतेक यंत्रांची रुंदी ४३० ते ४५० असते. त्यामुळे कप्प्याची आतली रुंदी ५०० आणि खोली ४२० ठेवा. दोन यंत्रं शेजारी शेजारी बसावीत म्हणून रुंदी १००० करायचा मोह होतो, तो टाळा. तेवढ्याच वजनाखाली फळीची लांबी दुप्पट केली की बाक आठपट होतो, आणि प्लाय एकदा वाकला की सरळ होत नाही.

प्लाय १९ मिमीचा, आयएस ३०३ या भारतीय मानकाच्या शिक्क्याचा, बीडब्ल्यूआर म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या प्रतीचा घ्या. दिवाणखान्यात ठेवायच्या वस्तूला आयएस ७१० चा मरीन प्लाय लागत नाही. ते पैसे वरच्या विनिअरवर, म्हणजे चांगल्या लाकडाच्या पातळ थरावर, खर्च करा. दुकानात शीट आडवी करून एका डोळ्याने कडेवरून पाहा. पीळ असलेली शीट परत करा, स्क्रूने तो पीळ निघत नाही. कडेला थरांमध्ये पोकळ्या दिसत असतील तर नेमका तिथेच स्क्रू फिरत राहील.

हे तुकडे कापून घ्या: बाजूच्या फळ्या २, प्रत्येकी ७६० × ४२०. वरची फळी १, ५३८ × ४२०. आतल्या फळ्या (तळफळी धरून) ३, ५०० × ४२०. खालच्या कप्प्याची पाठ १, ५०० × ३४०. त्याच कप्प्यातला उभा पडदा १, ३४० × ४००. वरच्या फळीखाली मागच्या बाजूला लावायची पट्टी १, ५०० × ५०. हे सगळं ७ × ४ फुटांच्या एका शीटमध्ये बसतं. लांबीच्या दिशेने ४२० रुंदीच्या दोन पट्ट्या काढा. एकीतून दोन्ही बाजू आणि वरची फळी निघते, दुसरीतून तीन आतल्या फळ्या आणि पडदा. उरलेल्या साधारण ३७० रुंदीच्या पट्टीत पाठ आणि मागची पट्टी येते. ६ × ४ ची शीट घेतली तर वरची फळी अडते. करवतीचं पातं दर कापाला ३ ते ४ मिमी खातं, म्हणून दुकानदाराला तयार तुकड्यांची मापं द्या आणि यंत्रावर कापून घ्या. हातकरवतीने ७६० मिमी सरळ कापणं नवख्याला जमत नाही.

कप्प्यांची उंची खालून वर अशी: जमिनीपासून ६० मोकळी, मग तळफळी, तिच्यावर ३४० चा एलपीचा कप्पा, त्यावर १८३ चा अ‍ॅम्पचा, त्यावर १२० चा सीडी प्लेअरचा, आणि सगळ्यात वर रेकॉर्ड प्लेअर. हा क्रम बदलू नका. एलपीचं वजन तळाशी गेलं की स्टँड डगमगत नाही. शंभर एलपी कव्हरांसकट २५ किलोच्या आसपास भरतात. अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर रेकॉर्ड प्लेअरच्या पिनेपासून एक कप्पा लांब राहतो, त्यामुळे गुणगुण कमी होते. अ‍ॅम्पच्या डोक्यावर ६० ते ७० मिमी हवा हवी आणि मागची बाजू पूर्ण उघडी हवी. व्हॉल्व्हचा, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, अ‍ॅम्प असेल तर तो कप्प्यात नकोच, त्याची जागा उघड्यावर.

जोडणी अशी. सागाच्या २० × २० च्या पट्ट्या ३८० लांबीच्या आठ तुकड्यांत कापा, साधारण १० फूट लागतील. दोन्ही बाजूच्या फळ्या शेजारी ठेवून खुणा एकदमच करा. वेगवेगळ्या मोजल्या की एक फळी तिरकी बसते. पट्ट्या बाजूंना डिंक आणि प्रत्येकी चार स्क्रूंनी लावा, मग त्यांवर आडव्या फळ्या ठेवून खालून प्रत्येकी तीन स्क्रू. स्क्रू ३२ मिमीचेच. पट्टी आणि प्लाय मिळून ३९ मिमी होतात, त्यामुळे ४० चा स्क्रू बाहेरच्या विनिअरमधून टोक काढतो. आधी ३ मिमीचं भोक पाडलंच पाहिजे, नाहीतर एवढी बारीक पट्टी उभी चिरते. बाजूचे आणि वरचे स्क्रू एकमेकांवर आपटू नयेत म्हणून त्यांची भोकं मागेपुढे घ्या.

डिंक ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजा. फरक २ मिमीहून जास्त असेल तर लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांना शिकंजा लावून आवळा. त्यानंतर एलपीच्या कप्प्याची पाठ आणि वरची मागची पट्टी बसवा. पाठ दिसायला बिनमहत्त्वाची वाटते, पण चौकटीला कातरीसारखं झुकू न देणारी तीच असते. पाठीशिवाय केलेला स्टँड वर्षभरात हलू लागतो, मग कितीही स्क्रू आवळा. समोरच्या कडांना ६ मिमी जाडीची सागाची पट्टी डिंक आणि बिनडोक्याच्या बारीक खिळ्यांनी लावली की प्लायचे थर झाकले जातात.

प्रश्न (पुणे, जुना वाडा): दुसऱ्या मजल्यावर राहतो, जमीन कडीपाटाची आहे. खोलीतून कोणी चाललं तरी रेकॉर्डवरची पिन उडते. प्लेअरखाली जाड स्पंज ठेवला तर आणखी वाईट झालं. स्टँड जड करावा का?

उत्तर: स्पंजने वाईट होणारच होतं. प्लेअरचा दांडा आणि त्यावरची पिन यांची मिळून एक स्वतःची लय असते. चांगल्या जुळणीत ती सेकंदाला ८ ते १२ कंपनांची असते. पावलांनी कडीपाटाचा मजला जवळपास याच टापूत किंवा थोडा खाली डोलतो. मऊ स्पंजावर ठेवलेला प्लेअर त्याहूनही संथ झोके घेतो आणि ते झोके थेट दांड्यापर्यंत पोचतात.

पहिला उपाय फुकटचा आहे. स्टँड खोलीच्या मध्याकडून हलवून ज्या भिंतीत कड्यांची टोकं रुतली आहेत त्या भिंतीला लावा. कडी मधोमध सर्वांत जास्त वाकते, टोकाशी जवळजवळ नाही.

तेवढ्याने भागलं नाही तर प्लेअर जमिनीवरून उचलून भिंतीवर न्या. लोखंडी ब्रॅकेटवर १९ मिमीची फळी टाका आणि स्टँडमध्ये बाकीची यंत्रं राहू द्या. मात्र वाड्याच्या माती-विटांच्या भिंतीत प्लास्टिकचे प्लग धरत नाहीत, चार दिवसांत सैल होतात. खोल भोक करून त्यात लाकडी गट्टू सिमेंटमध्ये बसवा, आठवडाभर सुकू द्या आणि मगच ब्रॅकेटचे स्क्रू मारा.

सिमेंटच्या स्लॅबवर राहणाऱ्यांना हा त्रास सहसा होत नाही. त्यांच्याकडे स्पीकरचा ठोका प्लेअरपर्यंत येतो, म्हणून स्पीकर त्याच स्टँडवर ठेवू नयेत. वरच्या फळीवर कडप्प्याचा तुकडा ठेवणं हा स्वस्त आणि खरोखर उपयोगी उपाय आहे. ४५० × ४०० चा, १८ मिमी जाडीचा कडप्पा पावणेनऊ किलोच्या आसपास भरतो. नुसता ठेवला तर बोटाने टिचकी मारल्यावर तो वाजतो. खाली चारही कोपऱ्यांना आणि मध्ये जाड नमद्याचे तुकडे चिकटवले की टिचकीचा आवाज बसका येतो, आणि तोच हवा आहे. शेवटी प्लेअरच्या थाळीवर पाणसळ ठेवून दोन्ही दिशांनी पाहा. स्टँडच्या पायांना फिरवून उंची बदलता येणारे स्क्रू लावले असतील तर हे काम दोन मिनिटांचं आहे.

प्रश्न (रत्नागिरी): जुलैत स्टँड पूर्ण केला. सागाच्या विनिअरवर मेलामाइनचं पॉलिश मारलं तर दुधासारखी पांढुरकी झाक आली. एका फळीवर चपड्याचं (लाखेचं) पॉलिश केलं होतं, ते पंधरा दिवसांनीही चिकट आहे. काय चुकलं?

उत्तर: दोन वेगळी दुखणी आहेत.

पांढुरकी झाक म्हणजे आत अडकलेलं पाणी. थिनर भराभर उडतो तेव्हा पृष्ठभाग थंड पडतो आणि कोकणातल्या जुलैच्या ओल्या हवेतलं बाष्प त्यावर बसतं. त्यावरून पॉलिशचा पापुद्रा धरला की ते आतच राहतं. कोरड्या दिवशी, दुपारी अकरा ते चारच्या मधे, सावकाश उडणारा थिनर अगदी हलका फवारा. पापुद्रा पुन्हा मऊ होऊन ओल निघून जाते आणि झाक जाते. एका फळीच्या मागच्या बाजूवर आधी करून पाहा. नाही गेली तर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने तो थर घासून नवा हात द्यावा लागेल. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच हार्डनर घाला. लवकर सुकावं म्हणून जास्त घातला तर पुढे तडे जातात. वाफ डोळ्यांना झोंबते आणि आरोग्याला वाईट आहे, त्यामुळे खिडक्या उघड्या ठेवा आणि मास्क घाला.

चिकट चपड्याचं कारण बहुधा जुनं द्रावण. स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा सहा महिन्यांनंतर भरवशाचा राहत नाही, लावला तरी कडक होत नाही. काचेच्या तुकड्यावर एक थेंब पसरून रात्रभर ठेवा. सकाळी नखाचा ठसा उमटला तर बाटली फेकून द्या. फळीवरचा चिकट थर स्पिरिटच्या फडक्याने पुसून काढा. नवं द्रावण एक लिटर स्पिरिटला १५० ग्रॅम चपडा असं करा, रात्रभर भिजवा, तलम कापडातून गाळा, काचेच्या बरणीत भरा आणि वर तारीख लिहा. लोखंडी डब्यात ते काळवंडतं.

घाईत बिघडतं ते घासण्याचं काम. विनिअर १८० आणि मग २२० नंबरने, रेषांच्या दिशेनेच घासा. आडवा हात फिरला की त्या ओरखड्यांत पॉलिश जास्त मुरतं आणि उजेडात त्यांच्या आडव्या रेघा दिसतात. विनिअर पातळ असतं, कडांवर दोन हात जास्त पडले की खालचा प्लाय डोकावतो. मग ओलसर फडकं फिरवा, सुकू द्या, उभे राहिलेले तंतू २२० ने हलकेच काढा. कापसाची पुरचुंडी तलम सुती कापडात बांधून पातळ हात द्या, दोन हातांमध्ये निदान तासभर ठेवा. आठ-दहा पातळ हात तीन जाड हातांपेक्षा कधीही चांगले. मात्र ज्या फळीवर कोणी गरम चहाचा कप ठेवण्याची शक्यता आहे तिथे चपडा नको, पांढरं वर्तुळ उठतं. तिथे मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश.

चपड्याबद्दल एक गोष्ट, जुनं संगीत जपणाऱ्यांसाठी. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांतही हीच लाख असते. म्हणून त्या तबकड्या स्पिरिटने पुसू नयेत. खोबणी विरघळतात आणि गाणं कायमचं जातं.

प्रश्न (नागपूर): जुन्या दाराच्या सागवानी फळ्या जोडून ४२० रुंदीची वरची फळी केली आणि ती खालच्या प्लायच्या चौकटीला चारही बाजूंनी डिंक व स्क्रूने पक्की केली. मे महिन्यात मधोमध उभा तडा गेला. साग तर तडकत नाही म्हणतात?

उत्तर: साग इतर लाकडांपेक्षा कमी हलतो, पण हलतो. लांबीत नाही, रुंदीत. पावसाळ्यातली ओल आणि नागपूरचा मे यांच्यात ४२० रुंदीची फळी तीन-चार मिलिमीटर आकसते. खालचा प्लाय मात्र जवळजवळ तसाच राहतो. तुमच्या फळीला आकसायला जागाच नव्हती, म्हणून ती फाटली. लाकडाचा दोष नाही.

सगळे स्क्रू काढा. डिंक सुटत नसेल तर पातळ करवत फिरवून फळी वेगळी करा. तड्यात लांबी (पुट्टी) भरू नका, पावसाळ्यात फळी फुगली की लांबी बाहेर येते. तडा आरपार असेल तर त्या रेषेवर फळी पूर्ण फाडून, कडा रंध्याने सरळ करून पुन्हा जोडा. रंधा मारण्याआधी लोहचुंबक फिरवा, जुन्या दारांत मोडके खिळे असतात आणि पात्याची धार जाते. जोडण्याच्या आधी दोन्ही कडा थिनरच्या फडक्याने पुसा. फडकं पिवळसर तपकिरी निघतं, ते सागाचं तेल. ते राहिलं तर डिंक धरत नाही. पुसल्यावर लगेच, त्याच बैठकीत डिंक लावा.

बसवताना समोरच्या कडेचे स्क्रू पक्के करा. मधल्या आणि मागच्या स्क्रूंसाठी चौकटीत ५ × १२ ची लांबट भोकं पाडा, भोकाची लांब बाजू फळीच्या रुंदीच्या दिशेने, आणि स्क्रूखाली वॉशर घाला. डिंक कुठेही नाही. फळी आता मागेपुढे सरकेल, तडकणार नाही. अशा फळीला जवसाचं तेल छान दिसतं. पातळ लावा, अर्ध्या तासाने उरलेलं पुसून घ्या. ती तेलकट फडकी मात्र चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता सोडतं आणि ढिगाऱ्यात फडकी आपोआप पेट घेतात. दोरीवर एकेक मोकळं वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

प्रश्न (ठाणे): स्टँड उत्तम झाला, पण रेकॉर्ड लावली की बारीक घूं आवाज येतो. सीडीवर येत नाही.

उत्तर: रेकॉर्ड प्लेअरची वेगळी बारीक अर्थची तार अ‍ॅम्पमागच्या स्क्रूला लावली आहे का ते आधी पाहा. लावलेली असेल तर विजेच्या वायरी स्टँडच्या एका पायामागून आणि सिग्नलच्या दुसऱ्या पायामागून न्या. जिथे भेटणं अटळ आहे तिथे काटकोनात ओलांडू द्या. सिग्नलच्या वायरीचं वेटोळं करून अ‍ॅम्पच्या मागे कोंबू नका. तरीही आवाज राहिला तर प्लेअर हातात उचलून अ‍ॅम्पपासून लांब धरून पाहा. कमी झाला तर पिनेला ट्रान्सफॉर्मरचं चुंबकत्व लागतंय, मग अ‍ॅम्प एक कप्पा खाली न्यायचा.