आकडा वाढलाय, मग गोळी का वाढवली?

पिशवीतून चार घड्या घातलेला रिपोर्ट काढून त्यांनी टेबलावर ठेवला. थायरॉइडच्या तपासणीतलं टीएसएच 14, खाली लाल पेनाची रेघ. "मॅडम, आकडा एवढा वाढलाय आणि डॉक्टर म्हणतात गोळी वाढवा. म्हणून मी गोळीच बंद केलो."

कागलकडच्या या वहिनी आल्या होत्या वेगळ्याच कारणाने. सारखं रडू येतं, अंग जड वाटतं, दुपारी झोप आवरत नाही. घरचे म्हणतात, आळस. मीही पाऊण तास सासू-नवऱ्याचंच विचारत बसले. गोळ्यांचं आधी विचारायला हवं होतं.

टीएसएच वाढलं म्हणजे थायरॉइड जास्त झालं, हा घोळ शिकल्यासवरल्या माणसांचाही होतो. टीएसएच हे हार्मोन थायरॉइड ग्रंथीतून येतच नाही. ते येतं मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीतून. त्यांच्या घरचं गुऱ्हाळ, म्हणून म्हटलं, गुळव्या काहिलीपाशी उभा असतो बघा. जाळ उतरला की ओरडतो, "चिपाड टाक!" जाळ नीट लागला की गप्प. पिट्युटरी म्हणजे तो गुळव्या आणि गळ्यातली थायरॉइड म्हणजे चुलवाण. रक्तात टी-4, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, कमी पडलं की टीएसएच वाढतं, पुरेसं झालं की उतरतं. साधारण 0.4 ते 4 हा त्याचा रोजचा आवाज. 14 म्हणजे घसा फोडून ओरडणं.

वहिनी क्षणभर गप्प. मग कपाळाला हात लावला. "आत्ता गं बया! त्यो ओरडतोय म्हणून मी चुलवाणच विझवलो की!"

सवय लागेल ही भीती होतीच. पण गोळीत असतं ते टी-4च, ग्रंथीला जेवढं जमत नाही तेवढी भर. डोस ठरवणं माझं काम नव्हे. त्याच संध्याकाळी त्यांना डॉक्टरांकडे परत पाठवलं. एवढंच सांगितलं की रक्तातलं टी-4 निम्मं व्हायलाच सुमारे 7 दिवस लागतात, त्यामुळे चार दिवसांत फरक शोधू नका. पुन्हा तपासणी 6 ते 8 आठवड्यांनी.

"आणि गोळी घेत होता कशाबरोबर?"

"चहाबरोबर. धारा काढून आलं की."

चहाबरोबर ती अंगी नीट लागत नाही. आता गोठ्यात जायच्या आधी, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर गोळी; चहा परत आल्यावर, तासाभराने.

दोन महिन्यांनी आकडा 5 वर आला. दुपारची झोप गेली. रडूही कमी झालंय, फक्त नणंदेचा विषय निघाला की येतं. त्यासाठी दर गुरुवारी बसतो आम्ही.