पेसमेकरची वायर सतत हलत असते, मग ती तुटत कशी नाही?

आईला पेसमेकर बसवायचाय, आणि हृदयाबरोबर सारखी हलणारी ती वायर तुटणार नाही का, ही धास्ती तुम्हाला वाटतेय. मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे पेसमेकर बसवतात त्या खोलीत, टेक्निशियन आहे, रोज ती हाताळतो. आम्ही तिला लीड म्हणतो.

मिनिटाला ७० ठोके धरले तरी दिवसाचे १ लाख होतात, वर्षाचे साडेतीन कोटींच्या वर. सरळ तार एवढी वाकली असती तर कधीच तुटली असती. म्हणून आतली तार बॉलपेनातल्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. वाकण्याचा ताण एका जागी न बसता सगळ्या वेटोळ्यांत वाटला जातो. तारही साधी नाही; निकेल, कोबाल्ट, क्रोमियम आणि मॉलिब्डेनमचा मिश्रधातू असतो. स्प्रिंग मधून पोकळ, त्यामुळे आत बारीक सळई घालून लीड शिरेतून हृदयापर्यंत नेता येते. सळई काढली की लीड शिजलेल्या शेवईसारखी लुळी पडते.

टोक बसलं की डॉक्टर पेशंटला खोल श्वास घ्यायला लावतात आणि आम्ही सगळे स्क्रीनकडे बघतो. लीड ताणली जातेय असं दिसलं तर पतंगाला देतात तशी थोडी ढील द्यायची. टोकाशी स्टेरॉइडही असतं, एक मिलिग्रॅमच्या आसपास. नव्या वस्तूभोवती हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि ठोका उठवायला जास्त करंट लागतो. हे औषध ती सूज आवरतं, म्हणजे बॅटरीही वाचते.

तुटण्याचं म्हणाल, तर खरी धोक्याची जागा हृदयात नाहीच. गळ्याखालचं आडवं हाड आणि पहिली बरगडी यांच्या फटीत लीड चिमटते, हात हलेल तशी. म्हणून बरेच डॉक्टर फटीच्या बाहेरून, काखेकडच्या शिरेतून आत शिरतात. वरच्या आवरणाचंही तसंच: सिलिकॉन मऊ पण घासून झिजतं, पॉलियुरेथेन चिवट, पण त्याच्या जुन्या प्रकाराला शरीरात भेगा पडायच्या. दोन्ही अजून वापरात आहेत.

आईंना एक मात्र बजावा. कातडीखालच्या पेसमेकरच्या डबीशी चाळा करायचा नाही. आमच्याकडे एक आजी आल्या होत्या, गप्पा मारता मारता डबी गोल गोल फिरवायची सवय. एक्स-रेत पाहिलं तर लीड रिळावर दोरा गुंडाळावा तशी डबीभोवती गुंडाळलेली, आणि टोक हृदयातून निघून पार वर आलेलं.